बालमधुमेह आणि घरातील भाषा

रोगाचे नाव म्हणजे रोगाचे कारण नव्हे. 'मधुमेह' या संज्ञेतील 'मेह' हे पद 'मिह्' या धातूपासून सिद्ध झाले असून मूत्रविसर्जन हा त्याचा अर्थ होय. मूत्र मधासारखे गोड होते, एवढेच हे नाव सांगते. ते का होते याविषयी ते मौन बाळगते. लोकव्यवहाराने हे मौन 'गोड' या शब्दाने भरून काढले. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून हे दुखणे जडले, असे शेजारीपाजारी सहज बोलून जातात आणि ते आईच्या मनात कायमचे सलत राहते. वस्तुतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. त्यात लाडूपेढ्यांचा अपराध नसतो. 'बाल' हे पूर्वपदही तितकेच फसवे आहे, कारण हा विकार प्रौढ वयातही उद्भवतो आणि मूल मोठे झाल्याने तो ओसरत नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले. तत्पूर्वी असे मूल फार दिवस जगत नसे. आज ते शाळेत जाते, खेळते, मोठे होते. म्हणूनच ते कोणत्या शब्दांच्या सहवासात वाढते, या प्रश्नाला महत्त्व आहे.

अमेरिकेतील मधुमेहविषयक दोन संस्थांनी २०१७ मध्ये या भाषेसंबंधी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. व्यक्तीला रोगाच्या नावाने संबोधू नये, दोषारोप करणारे शब्द टाळावेत, असा त्याचा आशय आहे. मराठीची प्रकृती येथे मुळातच अनुकूल आहे. 'त्याला मधुमेह आहे' या वाक्यात मूल चतुर्थीत राहते, रोग वेगळा राहतो. 'तो मधुमेही आहे' असे म्हणताच दोन्ही एक होतात. तापाच्या बाबतीत आपण दुसरी रचना कधी वापरीत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याहून गंभीर प्रश्न क्रियापदाचा आहे. 'साखर वाढली' हे अकर्मक विधान आहे. 'तू साखर वाढवलीस' हे प्रयोजक, आणि तो आरोपही आहे. ताप, पौगंडावस्थेतील संप्रेरके, इन्सुलिनची अपुरी मात्रा अशा अनेक कारणांनी साखर वाढते. मुलाची इच्छा त्यात असतेच असे नाही. वारंवार आरोप ऐकणारे मूल आकडा लपवू लागते, प्रसंगी वहीत खोटा आकडा लिहिते. त्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरत असल्याने ही केवळ शिस्तीची बाब राहत नाही. 'चाचणी' या शब्दालाही परीक्षेचा वास आहे. 'मोजून पाहू' हे साधे वाक्य त्यापेक्षा बरे. मोजलेल्या आकड्यात कोणी नापास होत नाही.

'पथ्य' हा शब्द 'पथ' म्हणजे मार्ग यावरून आला. मराठीत मात्र ते पाळावयाचे किंवा मोडावयाचे व्रत झाले. आजच्या उपचारपद्धतीत अन्नातील कर्बोदके मोजून त्यांच्या प्रमाणात इन्सुलिन दिले जाते. तेव्हा संक्रांतीला तिळगूळ हाती पडल्यावर 'तुला चालत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'किती घेणार?' असे विचारणे शास्त्राच्याही अधिक जवळ आहे.

सर्वांत निकडीचा प्रसंग साखर उतरण्याचा. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, मूल चिडते, आणि बोलणेही अडखळू लागते. ज्या क्षणी शब्दांची सर्वाधिक गरज, नेमका त्याच क्षणी ते सापडत नाहीत. अशा वेळी ज्या साखरेविरुद्ध सतत बजावले गेले, तीच औषध ठरते: सुमारे १५ ग्रॅम साखर वा ग्लुकोज, अगदी लहान मुलास वैद्यांनी सांगितल्याप्रमाणे कमी, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मापन. मूल बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. 'साखर वाईट' असेच शिकलेले मूल या वेळी ती मागण्यास कचरते. यास्तव घर, वर्गशिक्षक आणि बाकावरचा सोबती यांच्यात आधीच एखादा दोन अक्षरी शब्द किंवा हाताची खूण ठरवून ठेवावी. आणि ती दिसताच आधी साखर द्यावी, प्रश्न नंतर विचारावेत.