हिप हॉपचे उपेक्षित कारागीर

हिप हॉपमधला प्रोड्यूसर म्हणजे पैसा घालणारा निर्माता नव्हे. त्याच्या कामाला मराठीत नेमका शब्द नाही, कारण आपल्याकडे ते काम तिघांत वाटलेले असते: चाल लावणारा संगीतकार, वाद्यमेळ रचणारा संयोजक आणि काचेपलीकडे बसून आवाज जुळवणारा ध्वनिमुद्रक. रॅपरचे शब्द बाजूला काढले तर गाण्यात जे उरते, म्हणजे ड्रमचा ठेका, खालून चालणारा बेस, जुन्या तबकडीतून उचललेला ट्रम्पेटचा तुकडा, ते सगळे प्रोड्यूसरचे. या साऱ्याला मिळून बीट म्हणतात. बहुतेक गाण्यांत बीट आधी तयार होतो आणि शब्द मागाहून येतात. तरी कव्हरवर फोटो रॅपरचा असतो, मुलाखत त्याची असते आणि गाणे ओळखले जाते तेही त्याच्याच नावाने. हिंदी चित्रपटसंगीतात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या संयोजकांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. हिप हॉपमधल्या कितीतरी प्रोड्यूसरांची गत तीच आहे.

खरे तर या संगीताची सुरुवातच बीटपासून झाली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे उभे करायचे होते. रेकॉर्ड लावायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबतो आणि थोडा वेळ फक्त ड्रम वाजतात, त्या जागेची नाचणारे वाट पाहतात, हे हर्कने हेरले होते. या जागेला ब्रेक म्हणतात. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो हा काही सेकंदांचा ब्रेक मिनिटांवर लांबवू लागला. माइकवर बोलणारे या ठेक्याच्या आधाराने उभे राहिले. मात्र १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट'पासून रॅपच्या तबकडीने बाजार गाजवला, तेव्हा स्टुडिओत वाद्यवृंद बोलावून ठेका वाजवून घेतला गेला. ज्याने हे संगीत घडवले तो डीजे तबकडीवर नव्हताच.

त्याला परत आणले यंत्रांनी. १९८०च्या दशकाच्या मध्याला क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतला मार्ली मार्ल एका रेकॉर्डमधून आवाजाचा तुकडा उचलत होता. त्यासोबत चुकून ड्रमचा एक ठोका आला आणि त्याच्या ध्यानात आले की जुन्या रेकॉर्डमधला एकटा ठोका सुटा करून हव्या त्या तालात नव्याने वाजवता येतो. पुढे १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे यंत्र बाजारात आले. त्याची आवाज साठवण्याची क्षमता जेमतेम दहा सेकंद, आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांची मर्यादा. एवढ्यात पूर्ण गाणे बसवायचे. त्यावर तोड अशी निघाली: ३३च्या गतीची रेकॉर्ड टर्नटेबलवर ४५च्या गतीने लावायची, चिरक्या आवाजातला तो तुकडा यंत्रात भरायचा आणि आत गेल्यावर त्याचा वेग उतरवून मूळ सुरावर आणायचा. जागा वाचे, पण बारा बिटच्या त्या यंत्रात आवाज असा खाली ओढला की त्याला वाळूसारखी खरखर येई. नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या रॅपचा जो जाडाभरडा पोत आज कौतुकाने ऐकला जातो, तो बऱ्याच अंशी या काटकसरीतून आला आहे.

ही खरखर कामाला लावणाऱ्यांत पॉल सी याचे नाव सर्वांत वर असायला हवे, आणि त्याचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते. पॉल मॅककॅस्टी हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आयरिश वंशाचा तरुण. जमेका भागातल्या १२१२ नावाच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रक होता. साठच्या दशकातल्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये वाद्ये सरळसरळ डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेली असत. पॉल ज्या बाजूला ड्रम असतील तेवढीच बाजू यंत्रात घेई आणि दुसरी बंद करी. पियानो, ब्रास सगळे गळून पडे आणि नुसता ड्रम स्वच्छ हाती येई. मग त्या सलग ड्रमचे एकेक ठोके कापून तो नवा ठेका जुळवी. १९८८ मधले अल्ट्रामॅग्नेटिक एमसीजचे 'गिव्ह द ड्रमर सम' कान देऊन ऐकले तर ड्रमवादक खोलीत बसल्यासारखा वाटतो. आज संगणकावर एका बटणात वाद्ये वेगळी होतात. पॉलकडे त्यासाठी फक्त कान आणि मिक्सरवरची एक खुंटी होती.

जुलै १९८९ मध्ये राहत्या घरी गोळ्या झाडून त्याचा खून झाला. वय अवघे २४. खुनाचा छडा आजतागायत लागलेला नाही. तेव्हा तो एरिक बी आणि रकीम यांच्या नव्या अल्बमवर काम करत होता. अर्धवट राहिलेले हे काम त्याच्या हाताखाली एसपी-१२०० शिकलेल्या, शाळकरी वयाच्या लार्ज प्रोफेसरने पुढे नेले. १९९० मध्ये 'लेट द रिदम हिट एम' निघाला, पण प्रोड्यूसर म्हणून त्यावर ना गुरूचे नाव छापले गेले, ना शिष्याचे. पुढच्याच वर्षी लार्ज प्रोफेसरच्या मेन सोर्स या गटाचा 'ब्रेकिंग ॲटम्स' आला. त्यातल्या एका गाण्यात नाझ नावाचा कोवळा मुलगा पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकू आला. या मुलाला पीट रॉक, डीजे प्रीमियर, क्यू-टिप यांच्यापर्यंत नेले तेही लार्ज प्रोफेसरनेच. १९९४ च्या 'इलमॅटिक'चे कौतुक करताना नाझच्या शब्दांवर पानेच्या पाने लिहिली जातात. त्यातली तीन गाणी लार्ज प्रोफेसरची आहेत आणि त्या तिन्हींच्या मुळाशी पॉल सीची शिकवण आहे, ही वंशावळ मात्र फारशी कुणी सांगत नाही.

दरम्यान कायदा आडवा आला. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीवाचून वापरला होता. तेव्हापासून प्रत्येक सॅम्पलसाठी, म्हणजे अशा उचललेल्या तुकड्यासाठी, दोन परवानग्या लागू लागल्या: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी चालीच्या मालकाची. शेकडो तुकडे जोडून गोधडी शिवावी तसे अल्बम करणे परवडेनासे झाले. त्याची झळ प्रिन्स पॉलला बसली. त्याने घडवलेला डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' १९८९ चा. पण सॅम्पलांच्या हक्कांचा आणि कंपनीशी कराराचा गुंता सुटून तो स्ट्रीमिंगवर यायला मार्च २०२३ उजाडले. मधल्या काळात मोबाइलवर गाणी ऐकत वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला प्रिन्स पॉल सहज भेटलाच नाही. गाण्यांच्या मध्ये छोटे विनोदी प्रवेश पेरण्याची, पुढे सगळ्यांनी उचललेली पद्धत त्याने रूढ केली.

न्यूयॉर्कबाहेरच्यांची उपेक्षा वेगळ्या तऱ्हेची. त्यांना तिकडचे समीक्षक बराच काळ दुय्यमच मानत होते. अटलांटात रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन हे त्रिकूट ऑर्गनाइज्ड नॉइझ नावाने काम करी. जागा म्हणजे रिकोच्या आईच्या घराखालचे, मातीच्या जमिनीचे तळघर. त्याला सगळे डंजन म्हणत. तिथे आउटकास्ट, गुडी मॉब हे गट घडले. सॅम्पलवर सगळी मदार न ठेवता या त्रिकुटाने खरी गिटार, खरा बेस, खरा ऑर्गन वाजवून घेतला, म्हणून १९९४-९५ ची ती गाणी आजही दमट, उबदार वाटतात. टीएलसीचे 'वॉटरफॉल्स' १९९५ मध्ये सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. ते याच तिघांचे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांतल्या थोड्यांनाच माहीत असेल. रिको वेड एप्रिल २०२४ मध्ये वारला. टेक्ससच्या पोर्ट आर्थरमधला पिंप सी रॅपर म्हणून गाजला, पण चर्चमधला ऑर्गन आणि ब्लूजची गिटार रॅपमध्ये मुरवणारा प्रोड्यूसर म्हणून तो त्याहून मोठा. त्याच्या यूजीके गटाच्या १९९६ च्या 'रायडिन डर्टी'चा एकही व्हिडिओ नव्हता, तरी तो खपला. मेम्फिसचे डीजे पॉल आणि जूसी जे यांनी नव्वदच्या दशकात कॅसेटवर विकलेला, भयपटासारखा काळोखी आवाज आजच्या ट्रॅप संगीतात सर्वत्र ऐकू येतो.

पश्चिमेला, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये डीजे क्विक होता. डॉक्टर ड्रे या प्रोड्यूसरच्या दाट सावलीत तो झाकोळला. टुपाकच्या १९९६ च्या 'ऑल आइझ ऑन मी'मधल्या बऱ्याच गाण्यांचे मिक्सिंग त्याचे आहे, पण अल्बमवर नाव आहे डेव्हिड ब्लेक. ते त्याचे खरे नाव. श्रोत्यांना ओळखीचे नव्हते. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेसाठी त्याने 'ॲडिक्टिव्ह' केले. टीव्हीवर लागलेले एक हिंदी गाणे कानावर पडले आणि त्याने ते थेट बीटमध्ये घेतले. ते होते १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातले 'थोडा रेशम लगता है'. संगीत बप्पी लाहिरींचे, आवाज लता मंगेशकरांचा. क्विकने गाण्याची मोडतोड केली नाही. लताबाईंचा आवाज तसाच वर ठेवला, खाली जड ड्रम दिला आणि ठेका असा बसवला की लावणीच्या ढोलकीवर पोसलेला कानही चटकन डोलतो. गाणे अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. परवानगी मात्र घेतलेली नव्हती. सारेगामा कंपनी आणि लाहिरी दोघेही न्यायालयात गेले आणि लाहिरींचे नाव छापल्याशिवाय सीडी विकू नये, असा आदेश निघाला. तो योग्यच होता. उपेक्षित प्रोड्यूसरच्या हातूनही दुसऱ्या संगीतकाराची उपेक्षा होऊ शकते, हे या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

प्रोड्यूसरची ही उपेक्षा मुंबईच्या रॅपलाही चुकलेली नाही. २०१५ च्या 'मेरे गली में'मुळे अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी घरोघर पोचले. तो बीट दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या प्रोड्यूसरचा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

गेल्या काही वर्षांतल्या रॅप अल्बमांत सर्वांत कसदार काम ड्रम जवळजवळ काढून टाकलेल्या बीटवर झाले आहे. रॉक मार्सियानोने २०१० च्या 'मार्कबर्ग'मध्ये ही वाट पाडली. जुन्या सोल रेकॉर्डचा एक तुकडा अखंड फिरत राहतो आणि ताल शब्दांनी धरायचा. ब्रुकलिनमधल्या ब्राउन्सव्हिलचा 'का' नावाचा रॅपर हा या वाटेवरचा सर्वांत एकाग्र कलावंत. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात तो कॅप्टन होता. रॅप त्याचा, बरेच बीटही त्याचेच, आणि नवा अल्बम आला की रस्त्यावर उभे राहून तो स्वतः प्रती विकी. ऑगस्ट २०२४ मधल्या 'द थीफ नेक्स्ट टू जीझस'मध्ये त्याने गॉस्पेल आणि चर्चमधले आवाज घेतले, आणि कृष्णवर्णीयांना ख्रिस्ती धर्माने काय दिले, काय हिरावले हे त्याच आवाजांवर बसून विचारले. येथे बीट म्हणजे नुसती पार्श्वभूमी उरत नाही, वादातला दुसरा पक्ष होतो. दोनच महिन्यांनी, ५२ व्या वर्षी, तो वारला. ज्यांना ड्रमशिवाय रॅप कोरडा वाटतो त्यांनी हा अल्बम रात्री, इतर आवाज बंद झाल्यावर ऐकावा.

बिली वूड्स या रॅपरने प्रोड्यूसरची निवड हीच कला मानली आहे. २०२२ चा 'एथिओप्स' त्याने संपूर्णपणे प्रिझर्वेशनकडे सोपवला. हाँगकाँगमध्ये जुन्या रेकॉर्ड धुंडाळून त्यातून याआधी एक अल्बम उभा करणारा हा माणूस. २०२३ च्या 'मॅप्स'साठी त्याने लॉस एंजेलिसचा केनी सीगल घेतला. दौऱ्यावरच्या कलावंताची दमणूक आणि मोकळीक त्या बीटमध्ये दोन्ही आहेत. मे २०२५ मधल्या 'गॉलिवॉग'मध्ये अनेक प्रोड्यूसर असूनही भीतीचा एकच धागा शेवटपर्यंत तुटत नाही. त्यात कॅन्सस सिटीचा कंडक्टर विल्यम्सही आहे. ड्रेकसाठी बीट दिल्यावर मोठ्या जगाला त्याची ओळख झाली, पण बफेलोच्या ग्रिझेल्डा या रॅपरांच्या मंडळीसाठी तो त्याआधीपासून बीट करत होता.

जुलै २०२५ मध्ये क्लिप्स या रॅपर भावांचा 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' आला. २००९ नंतरचा हा त्यांचा पहिला अल्बम, सगळे बीट फॅरेल विल्यम्सचे. शब्दांची धार जुनीच आहे. मात्र २००२ च्या 'लॉर्ड विलिन'शेजारी ठेवून ऐकला की एक फरक जाणवतो. ते बीट द नेपच्यून्सचे होते, आणि नेपच्यून्स म्हणजे फॅरेल एकटा नव्हे. शाळकरी वयात बँडच्या शिबिरात त्याला भेटलेला सॅक्सोफोनवाला चॅड ह्यूगो हा दुसरा अर्धा. 'ग्राइंडिन'सारख्या गाण्यातली जवळजवळ रिकामी जागा, प्रत्येक ठोक्याभोवती सोडलेली हवा, दोघांच्या जोडीतून आली होती. नवे बीट भव्य आहेत, भरलेले आहेत, कित्येक ठिकाणी देखणेही. ती रिकामी जागा मात्र त्यांत नाही.