बेळगावातील घर : घेणाऱ्यांस, विकणाऱ्यांस आणि राखणाऱ्यांस चार शब्द

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आज बेळगावात घर बांधणे एक वेळ सोपे, परंतु बांधलेले घर आपलेच आहे हे कागदावर दाखविणे कठीण, अशी स्थिती आहे. व्यवसायाने आम्ही शिक्षक, वकील नव्हे. तथापि मराठी लिहिणारा आणि कानडी वाचणारा मास्तर म्हणून ओळखीची मंडळी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात. त्या पिशव्या उलगडताना जे ध्यानी आले ते येथे सांगत आहोत.

१९९८ साली तांत्रिक विद्यापीठ येथे आले, २०१२ साली हलग्याजवळ सुवर्णसौध उभा राहिला, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत गावाचे नाव लागले. शहर चोहोबाजूंनी पसरले. तरी बाजारात येणारा माल पाहिला तर तो मुख्यतः दोन प्रकारचा. एक, जुन्या गल्ल्यांतील अरुंद तोंडाची, खोल गेलेली, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असलेली घरे. दुसरा, गावाबाहेरच्या शेतांत पाडलेले प्लॉट.

जुन्या घराची जागा मोक्याची, मग भाव का येत नाही? कारण साधे आहे. घर आजोबांच्या नावावर, वारस चौदा, त्यांतले दोघे पुण्यात, एकीचा पत्ता कोणास ठाऊक नाही. अशा मालमत्तेवर बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणजे नोकरदार गिऱ्हाईक गेले. उरतो तो रोख पैसा बाळगणारा, आणि तो आपली अडचण ओळखून भाव पाडतो. भिंती जुन्या म्हणून नव्हे, कागद अपुरे म्हणून घर स्वस्तात जाते. म्हणून विकावयाचे नसले तरी नाव लावून घेण्याचे काम आजच करावे. वारस प्रत्येक पिढीत वाढतात, कमी होत नाहीत.

आपल्याकडील कागदांची गुंतागुंत इतर गावांहून थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे जुनी खरेदीपत्रे मराठीत, त्याहून जुनी मोडीत, आणि पुढचे सर्व कानडीत. एकाच घराची हकीकत तीन लिप्या-भाषांत विखुरलेली असते. मोडीचा कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून अडगळीत टाकू नका. जाणकाराकडून त्याचे बाळबोध लिप्यंतर करून घ्या.

आता या कागदांत काय काय असते ते पाहू. सिटी सर्व्हेचे मालमत्तापत्रक जागेचा नंबर, क्षेत्र व धारकाचे नाव दाखविते. नोंदणी कार्यालयाचा बोजा दाखला, ज्यास सारेजण ई.सी. म्हणतात, त्या जागेवर कोणते नोंदलेले व्यवहार झाले, गहाण आहे की नाही, हे सांगतो. महापालिकेचा खाता उतारा म्हणजे घरपट्टी कोणी भरावयाची याची नोंद. पुष्कळांचा समज असा की खात्यावर नाव चढले म्हणजे मालकी मिळाली. तसे नाही. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीपत्राने, वारसाने, बक्षिसाने किंवा वाटपाने. खाता तिच्यामागून चालतो. मात्र २०२४ च्या ऑक्टोबरपासून संगणकी ई-खात्याशिवाय खरेदीपत्र नोंदले जात नाही, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करून भागणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत विनापरवाना वसाहतींतील मालमत्तांना ‘बी’ खाते देण्याची मोहीम सुरू झाली. ‘बी’ खाते म्हणजे घरपट्टीच्या वहीत नोंद. बांधकाम कायदेशीर ठरल्याचा तो दाखला नव्हे, हे विकणारा सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

सर्वांत नाजूक भाग बहिणींचा. हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि वडील त्यापूर्वी वारले असले तरीही तो राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. आमच्या मुसलमान घरांत जन्मतः हक्क नाही. वडिलांच्या पश्चात हिस्से पडतात, मुलीस मुलाच्या निम्मा, आणि मुले असता विधवेस आठवा. दोन्हीकडे रीत मात्र एकच : ‘ताई, येथे एक सही कर.’ कागद कानडी, ताईंना कानडी येत नाही, आणि तो हक्कसोडपत्राचा असतो. बहिणीने हक्क खुशीने सोडला तर कोणाची तक्रार नाही. परंतु तो काय आहे हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि तसे दाखविल्याची ओळ दस्तातच लिहावी. बहिणीचे मन राखले जाते, शिवाय पुढचा दावाही टळतो. हिब्याचेही तसेच. तोंडी हिबा शरियतीप्रमाणे चालतो, पण देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले आणि ताबा खरोखर गेला, या तिन्ही गोष्टी दाखविता आल्या पाहिजेत. बँकेपुढे आणि खात्यापुढे तोंडी शब्द टिकत नाही. लेखी करून नोंदवावे हे उत्तम.

प्लॉट घेणाऱ्यांविषयी. शेत विकत घेऊन, दोरी लावून, चुन्याच्या रेघा मारून गुंठ्यागुंठ्यांनी विकण्याचा धंदा जोरात आहे. खरेदी ‘बाँडवर’ होते. बाँड म्हणजे मुद्रांकाचा कागद. त्यावर काहीही लिहिले तरी नोंदणीशिवाय मालकी बदलत नाही. वटमुखत्यारपत्र व करारपत्र यांनीही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. बिनशेती आदेश आणि बुडाने मंजूर केलेला नकाशा, हे दोन्ही पाहिल्यावाचून इसार देऊ नये. आणि जागा एकदा आषाढात पाहून यावी. शहापूर, वडगाव, अनगोळच्या बासमती पिकविणाऱ्या शिवारात बळ्ळारी नाल्याचे पाणी चढते. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी ती काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. उथळ पायाचे घर तिच्याबरोबर हलते.

खर्चाचा हिशेबही आधी मांडावा. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून शेकडा एकाचे दोन झाले. मुद्रांकशुल्क साधारणतः शेकडा पाच, वर अधिभार. किंमत कमी दाखवून बाकी रोख देण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रुपये रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, आणि दंडाची जोखीम घेणाऱ्यावर येते. शिवाय आज कमी दाखविलेली किंमत उद्या विकताना नफा म्हणून आपल्याच डोक्यावर बसते.

ज्यांना राहतेच घर राखावयाचे आहे त्यांनी मृगापूर्वी भिंतींकडे पाहावे. येथे पाऊस सुमारे पन्नास इंच. २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात असंख्य मातीची घरे बसली. २०२१ च्या ऑक्टोबरात तालुक्यातील बडाल अंकलगी येथे घर कोसळून सात माणसे गेली. मातीची भिंत वरून भिजण्यापेक्षा पायथ्याशी पागोळ्यांचे पाणी साचल्याने अधिक खचते. कौले फिरवावीत, पन्हळ लावावी, भिंतीलगतचे पाणी बाहेर काढावे. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल बाहेर पडत नाही, गिलावा चकचकीत राहतो आणि भिंत आतून मऊ होते. चुना बरा. शेजारी जुने घर पाडून इमारत उठवीत असेल तर सामाईक भिंतीची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत व त्यास लेखी पत्र द्यावे. भांडण करावयाचे म्हणून नव्हे. भेग कधीची यावरून ते होऊ नये म्हणून.

माडी भाड्याने देणाऱ्यांनी करार लेखी करावा. मुदत वर्षाहून अधिक असेल तर नोंदवावा. घरपट्टी एप्रिलमध्ये भरल्यास शेकडा पाच सूट मिळते. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. ई-खात्यासाठी प्रथम त्याच मागतात.