चैत्रपालवी आणि घरचे बालगोपाळ

फाल्गुन सरत येतो. मेळघाटच्या उतारांवर पळस फुललेला असतो, मोहाच्या झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो आणि अंगणातील कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. कापूस वेचून झालेला असतो. तूर, हरभरा, गहू घरी आलेला असतो. वऱ्हाडातील कुटुंबाला वर्षातून थोडी उसंत मिळते ती याच दिवसांत, आणि याच दिवसांत होळी, गुढीपाडवा, चैत्रगौर, रामनवमी, हनुमान जयंती व अक्षयतृतीया हे सण एकामागून एक येतात. माहेरवाशिणी लेकरांसह येतात, आजोळ गजबजते आणि कोणाचे उष्टावण, कोणाचे जावळ, कोणाचे पाटीपूजन अशी लहानग्यांची कौतुकेही ओघाने घडतात.

या कौतुकांचे मुहूर्त आपण पंचांगात पाहतो. परंतु कोणता संस्कार केव्हा करावा, हे आपल्या पूर्वजांनी ठरविले ते मुलाच्या वयावरून. बाळ अन्न पचवू लागेल तेव्हा अन्नप्राशन, वर्षा-तीन वर्षांचे झाले की जावळ, बोटांत बळ आले की पाटी. संस्काराच्या दिवशी सारे घर हातातील काम बाजूला ठेवून एका लहान जीवाकडे निरखून पाहते. मूल वाढते आहे ना, हसते-बोलते आहे ना, अंग धरते आहे ना, हे पाहण्याचा तो हक्काचा दिवस असतो. सणाच्या धामधूमीत विधी उरकला आणि हे पाहणे राहून गेले, तर संस्काराचा गाभाच निसटला असे म्हणावे लागेल.

होळीची गाठी

पश्चिम महाराष्ट्रात साखरेची गाठी म्हटली की गुढीपाडवा आठवतो. आपल्या वऱ्हाडात मात्र गाठ्यांची खरी हौस होळीची. फाल्गुनात अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांत पांढऱ्या, गुलाबी गाठ्यांच्या माळा लटकू लागतात आणि घरातील तान्ह्या बाळासाठी आजोळाहून वा आप्तांकडून गाठी येते. पहिल्या होळीला गळ्यात गाठी घालून मांडीवर बसविलेले बाळ ही घरोघरची ठेव असते. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू बांधवांचा तर होळी हा वर्षातील सर्वांत मोठा सण. दूरगावी कामाला गेलेली माणसेही या सणाला घरी परततात.

या हौसेत एवढेच भान असावे की गाठी बाळाला मिरविण्यासाठी आहे, चोखण्यासाठी नाही. साखरेचा खडा तान्ह्याच्या घशात अडकू शकतो आणि गळ्यातील दोरा झोपेत आवळू शकतो. औक्षण झाले, आजीआजोबांनी डोळे भरून पाहिले, की माळ काढून देवापुढे ठेवावी. रंग लावावयाचाच तर पळसाच्या फुलांचे पाणी बोटाने कपाळाला लावावे. बाळाच्या कोवळ्या त्वचेला बाजारी रंगांपासून दूरच ठेवावे.

पाडव्याची पाटी

वर्षप्रतिपदेला दारी गुढी उभी राहते. कडुनिंबाची पाने, गूळ व ओवा यांचा प्रसाद होतो आणि अनेक घरांत पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखून मुलांकडून तिचे पूजन करविले जाते. ज्याचे शाळेत जाण्याचे वय जवळ आले आहे, त्याचा हात धरून ‘श्री’ गिरवून घेण्याचा मानही बहुधा याच दिवशी आजोबांकडे जातो. जिल्हा परिषदेच्या शाळांनी ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ असे अभियान राबवून याच मुहूर्तावर पहिलीतील प्रवेशाचे स्वागत केले, ही या परंपरेची मोठी सुंदर जोड होय. विदर्भातील उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. परंतु शाळेचे नाव पाडव्यालाच घरात पक्के झालेले बरे.

या पाटीवर मुलाइतकाच मुलीचाही अधिकार आहे, हे वऱ्हाडाला शिकविणारी थोर माणसे याच मातीत झाली. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलांपर्यंत शिक्षण नेले. बालशिक्षणाच्या आद्य प्रवर्तक ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे बोर्डी व कोसबाड येथे त्यांच्या कार्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात रुजला. लहान मुलाला अक्षरांच्या आधी खेळ, गाणी व हाताचे काम द्यावे, हा त्यांच्या शिकवणीचा सारांश. म्हणून तीन वर्षांच्या लेकराकडून पाडव्याला एक ‘श्री’ गिरवून घ्यावा आणि पाटी देव्हाऱ्यापाशी ठेवावी. लगेच बाराखडीचा तगादा लावू नये.

कारंज्याचे बाळ

पाटीच्या आधी मुलाची वाणी येते. या संदर्भात श्रीगुरुचरित्रातील एक कथा आपल्या भागात घरोघरी सांगितली जाते. पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात गेलेले कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. माधव व अंबा यांच्या पोटी आलेले हे बाळ ओंकाराखेरीज काहीच बोलेना. आईबापांनी देवांना साकडे घातले, उपाय केले आणि चिंतेत वर्षे काढली. अखेर मुंज लागली, मातेने भिक्षा घातली आणि त्या मुखातून वेदमंत्र उमटले.

ही अवताराची लीला होय. श्रद्धावान मनाला तिच्यातून आधार मिळतो, आणि मिळावाही. परंतु आपल्या घरातील मूल उशिरापर्यंत बोलत नसेल, तर ‘बोलेल वेळ आली की’ असे म्हणून वर्षे घालविणे योग्य नव्हे. कथेतील मातापित्यांनीही हात जोडून नुसती वाट पाहिली नव्हती. त्यांनी जमतील ते सारे उपाय केले होते. साधारणपणे वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांचे होईतो दोन शब्दांची जुळणी ऐकू यावी. हाकेला मूल वळून पाहत नसेल, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. न बोलण्याचे कारण कित्येकदा ऐकू न येणे हेच असते, आणि ते जितक्या लवकर कळेल तितका उपचाराचा लाभ अधिक. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतून व शाळांतून मुलांची अशी तपासणी विनामूल्य होते. कारंज्याला गुरुमंदिरात दर्शन घ्यावे आणि वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी. भक्ती आणि काळजी यांत विरोध नाही.

रामजन्माचा सुंठवडा आणि बाळाचा पहिला घास

चैत्र शुद्ध नवमीला माध्यान्ही मंदिरामंदिरांतून पाळणा हलतो. अमरावतीचे डफरीन काय किंवा अकोल्याचे लेडी हार्डिंग काय, या स्त्री रुग्णालयांत ज्यांच्या घरचा पाळणा नुकताच सुरू झाला, अशा किती तरी माता त्या दिवशी लेकरू कुशीत घेऊन रामाच्या पाळण्याची दोरी ओढतात. प्रसाद मिळतो तो सुंठवड्याचा. सुंठ, खोबरे, साखर यांचा हा प्रसाद म्हणजे बाळंतिणीच्या खुराकाचीच आठवण. श्रीरामाच्या जन्मोत्सवात आपल्या परंपरेने कौसल्यामातेच्या पथ्याचीही आठवण ठेविली आहे. बाळाच्या कौतुकात बाळंतिणीचे ताट रिकामे राहू नये, हा बोध त्यातून घ्यावा.

मातेच्या दुधावर वाढलेल्या बाळाला पहिला घास भरविण्याचा सोहळा म्हणजे उष्टावण. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी आणि वाटीत खीर. रूढी सांगते की मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करावे. आजचे वैद्यकशास्त्र सांगते की सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर वरचे अन्न सुरू करण्यास विलंब लावू नये. या दोहोंचा मेळ सहज बसतो. मात्र ‘महिना लागणे’ आणि ‘महिना पूर्ण होणे’ यांतील भेद ध्यानी घ्यावा. मुलीसाठी पाचवा महिना टाळून सातवा लागताच मुहूर्त धरावा, कारण सातवा लागतो तेव्हा सहा पूर्ण झालेले असतात. मुलासाठी सहाव्या महिन्याची अखेर साधावी. पाहुण्यांच्या सोयीसाठी वा लग्नसराईसाठी हा सोहळा महिनोन्महिने लांबणीवर टाकू नये.

आणखी एक गोष्ट. बाळाच्या जिभेला मध लावण्याची चाल अनेक घरांत आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे वैद्यक निक्षून सांगते. मधातील जंतुबीजांमुळे इतक्या कोवळ्या आतड्यांत विषबाधा होण्याचा संभव असतो. देवापुढे मधाची वाटी ठेवावी आणि बाळाच्या ओठांना मऊ भात, मुगाचे वरण व तुपाचा थेंब लावावा. सोहळ्याने काहीही गमावले जात नाही.

या घासाचे मोल आपल्याच जिल्ह्याने फार दुःखाने जाणले आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालकांचे कुपोषणाने होणारे मृत्यू साऱ्या देशापुढे आले. त्या अरण्यात बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने आयुष्य वेचले आणि २०१९ मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. अंगणवाड्यांतून सामूहिक अन्नप्राशनाचा दिवस साजरा करण्याची रीत पोषण अभियानाने रुजविली, तीही याच जाणिवेतून. ज्यांच्या घरी चांदीची वाटी आहे, त्यांनी आपल्या बाळाच्या उष्टावणाच्या दिवशी जवळच्या अंगणवाडीतील लेकरांसाठी एक दिवसाचे सकस अन्न दिले, तर तो खराच अन्नसंस्कार ठरेल.

डेबूजीच्या घरचे बारसे

विधीत असा बदल करावा की नाही, या शंकेचे उत्तर वऱ्हाडाच्या एका संताने स्वतःच्या घरात दिले आहे. श्रीसंत गाडगेबाबा, म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. बालपण गेले ते अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे, मामांच्या घरी. वडिलांचा अंत दारूपायी झाला होता. पुढे डेबूजींना कन्या झाली. बारशाला भाऊबंदांना मद्यमांसाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी बारसे केले, गोतावळा बोलाविला, पंगत मांडली. परंतु पानात वाढले ते गोडाचे शाकाहारी जेवण. रीत मोडली म्हणून लोक रुसले असतील, पण बाळाच्या नावाने कोणाच्या घरात व्यसनाचा शिरकाव होऊ दिला नाही. आणि हे सारे एका मुलीच्या बारशाला! पुढे आयुष्यभर त्यांनी लोकांना हेच सांगितले की भांडी विकावी लागली तरी चालेल, पण लेकरांना शिकवा. संस्कार सोडावयाचा नाही, त्यातील घातक तेवढे काढून टाकावयाचे, हा त्यांचा दाखला आहे.

जावळ, टाळू आणि वैशाखाचे ऊन

चैत्र-वैशाखात जावळासाठी कोणी माहूरला रेणुकामातेकडे जातात, कोणी आपल्या गावच्या कुलदैवतापुढे केस अर्पण करतात. वस्तऱ्याला नवे पाते असावे आणि प्रवास पहाटेचा असावा, एवढे पथ्य पाळावे. वऱ्हाडचे ऊन वैशाखात ४५ अंशांच्याही वर चढते आणि मुंडण केलेल्या डोक्याला ते सोसत नाही.

आजी बाळाच्या टाळूवर तेल घालताना बोटांनी टाळू चाचपते. ती बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. तोवर आजीची ती बोटे फार मोलाची. उन्हाळ्यात बाळाला जुलाब-वांत्या झाल्या, टाळू खोल गेलेली दिसली, लघवी कमी झाली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर अंगातील पाणी आटल्याची ती खूण आहे. अशा वेळी टाळूवर लेप थापण्यात वेळ दवडू नये. आईचे दूध वारंवार पाजावे, जलसंजीवनी द्यावी आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. सहा महिन्यांच्या आतील निरोगी बाळाला मात्र ऐन उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात ते पुरेसे असते. आईने स्वतः भरपूर पाणी व चैत्रगौरीचे पन्हे प्यावे.

अक्षयतृतीयेचा मुहूर्त

वैशाख शुद्ध तृतीयेला पाण्याची घागर पूजून पितरांचे स्मरण करावयाचे, आमरसाचे जेवण करावयाचे आणि या मालिकेची सांगता करावयाची. हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून या दिवशी लग्ने लागतात. दुर्दैवाने कोवळ्या वयाच्या मुलींचीही लग्ने या मुहूर्ताच्या आडोशाने उरकली गेली आहेत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठेविले होते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार मुलीचे १८ व मुलाचे २१ पूर्ण झाले पाहिजे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त विवाहाचा व स्त्रीच्या उन्नतीचा विचार गावाच्या कल्याणाशी जोडून मांडला, तो याच मातीत. ज्या मुलीची पाटी आपण पाडव्याला पूजिली, तिच्या हातून ती दहा-बारा वर्षांत काढून घ्यावयाची नसते. अक्षय म्हणजे क्षय न पावणारे. मुलीचे शिक्षण हे तसे दान आहे.

यंदा गुढी उभारताना घरातील प्रत्येक लेकराला गुढीशेजारी उभे करावे, तान्हे असेल तर कडेवर घ्यावे. त्याची उंची भिंतीवर खडूने नोंदवावी, अंगणवाडीत वा दवाखान्यात वजन करून लसीकरणाच्या पत्रिकेवर लिहून घ्यावे, राहिलेली लस टोचून घ्यावी. पुढील पाडव्याला त्याच भिंतीपाशी पुन्हा त्याला उभे करावे. नववर्षाचा संकल्प म्हणून एवढे केले, तरी चैत्राचा सण घरातील बालगोपाळांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला असे होईल.