स्वतःची गोष्ट कशी सांगायची? वर्ध्याच्या माईंचं भाषण उलगडून पाहूया

कॉलेजचं प्रेझेंटेशन असो, नोकरीचा इंटरव्ह्यू असो की घरगुती धंद्याची जाहिरात, हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "तुझी स्टोरी सांग." यूट्यूबवर या विषयाचे ढीगभर व्हिडिओ आहेत आणि त्यात उदाहरण बहुतेक वेळा स्टीव्ह जॉब्सच्या २००५ सालच्या स्टॅनफर्डमधल्या भाषणाचं असतं. भाषण भारीच आहे, वाद नाही. पण मी वर्धा जिल्ह्यातला. त्यामुळे या विषयासाठी मला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज वाटत नाही. आमच्याकडे सिंधुताई सपकाळ होऊन गेल्या.

सिंधुताई म्हणजे माई. जन्म १९४८ साली, वर्ध्याजवळच्या पिंपरी मेघे गावात. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पुढे त्यांनी अनाथ मुलांसाठी संस्था उभ्या केल्या, २०२१ चा पद्मश्री मिळाला, २०१० मध्ये त्यांच्यावर 'मी सिंधुताई सपकाळ' हा सिनेमा आला आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. हे सगळं तुम्हाला विकिपीडियावर मिळेल. मला बोलायचंय ते त्यांच्या भाषणाबद्दल. कारण भाषण हा माईंचा छंद नव्हता. भाषण केलं तरच राशन मिळतं, असं त्या स्वतःच म्हणायच्या. समोरच्या लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले, तर आश्रमातल्या मुलांच्या ताटात काय वाढायचं हा प्रश्न उभा राहायचा. स्टार्टअपच्या भाषेत 'पिच' म्हणतात ते हेच. फरक एवढाच की इथे फंडिंग नाही मिळालं तर लेकरं उपाशी.

यूट्यूबवर त्यांची भरपूर भाषणं आहेत. एखादं लावा आणि सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याचा कोड वाचतात तसं ऐका. मी तसंच ऐकलं.

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे वस्तू. "माझ्यावर फार अन्याय झाला" हे वाक्य कुणीही बोलू शकतं आणि ऐकणारा ते पाच मिनिटांत विसरतो. माई सांगायच्या की नको असलेली मुलगी म्हणून घरात त्यांना 'चिंधी' म्हणायचे. दिवस भरत आलेले असताना नवऱ्याने घराबाहेर काढलं, गोठ्यात बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि एक गाय त्यांच्यावर उभी राहून राखण करत होती. चिंधी, गोठा, दगड, गाय. चारही वस्तू खेड्यातल्या माणसाने रोज पाहिलेल्या आणि शहरातल्यालाही डोळ्यासमोर आणता येणाऱ्या. ऐकणाऱ्याला 'अन्याय' हा शब्द वेगळा सांगावाच लागत नाही.

पण माझ्या मते त्या गोष्टीतला सगळ्यात ताकदीचा भाग गोठ्याचा नाही. तो पुढे येतो. अनाथ मुलांना सांभाळायला लागल्यावर आपल्या पोटच्या मुलीकडे जास्त ओढा राहील, बाकीच्या लेकरांवर अन्याय होईल, म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलीला, ममताला, पुण्याच्या दगडूशेठ हलवाई ट्रस्टकडे सोपवलं. जरा थांबून विचार करा. गोठ्यात जे घडलं ते त्यांच्या बाबतीत घडलं होतं. मुलीला दूर ठेवणं हा त्यांनी घेतलेला निर्णय होता. तो बरोबर होता का, यावर तुम्ही-मी वाद घालू शकतो. मला स्वतःला तो ऐकताना त्रासच होतो. पण ही बाई जे बोलते त्याची किंमत तिने मोजलेली आहे, हे समोरच्याला तिथे पटतं. दुःखाने सहानुभूती मिळते, विश्वास मात्र निर्णयाने मिळतो. इंटरव्ह्यूमध्ये "स्वतःबद्दल सांगा" म्हणतात तेव्हाही असंच असतं. तुम्ही कुठल्या गावचे, किती टक्के मिळाले हे रेझ्युमेवर असतंच. दोन रस्ते समोर असताना तुम्ही कुठला धरला आणि त्यात काय सोडलं, हे त्यांना ऐकायचं असतं.

आणखी एक गंमत म्हणजे माई रडवायच्या त्याच्या आधी आणि नंतर हसवायच्या. मध्येच शेर, मध्येच कविता, मध्येच समोरच्यांना प्रेमाने दम. ज्या नवऱ्याने हाकललं तो म्हातारपणी परत आला, तेव्हा त्यांनी त्याला सांभाळलं, पण मूल म्हणून. आणि लोकांना ओळख करून द्यायच्या तीही "हे माझं सगळ्यात मोठं लेकरू" अशा थाटात. सभागृह हसायचं, पण त्या हसण्यात सगळं आलं. सलग वीस मिनिटं दुःख ऐकवलं तर माणूस आतून दार लावून घेतो. हसला की ते दार पुन्हा उघडतं.

शेवटी मागणं. इथे आपली मराठी पोरं हमखास अडखळतात. गोष्ट छान रंगते आणि मग "तर असं आहे, धन्यवाद!" अहो, पण आम्ही करायचं काय? माई मंचावरून सरळ पदर पसरायच्या, मदत मागायच्या. लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण मागणं त्या गोष्टीतच दडलेलं होतं. आज पदराच्या जागी क्यूआर कोड आला, एवढंच.

आता जरा आपल्या धंद्याकडे येऊ. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात वायगाव नावाचं गाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या एका वर्गमित्राच्या घरी ही हळद पिकते आणि तो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर पावडर विकतो. त्याच्या कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं: "शुद्ध, नैसर्गिक, उत्तम दर्जाची हळद." हे तर दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर असतं. मग त्याने आईचा एक छोटा व्हिडिओ केला. हळद शिजवताना चुलीवरचं भांडं, पिवळे झालेले हात, आणि शेजारपाजारचे सगळे कपाशी-सोयाबीनकडे वळले तेव्हा घरचं बेणं तिने का मोडू दिलं नाही, हे तिच्याच तोंडून. शेवटी एक वाक्य: पाव किलोपासून पाठवतो, पिनकोड टाका. विक्री किती वाढली ते त्याने मला सांगितलं नाही (धंदेवाला माणूस, सांगणारही नाही). पण आधी लोक "भाव काय?" विचारायचे, आता "काकूंची नवीन हळद कधी निघणार?" असं विचारतात. जीआय टॅग गावाची साक्ष देतो, माणसाची साक्ष गोष्टच देऊ शकते.

आता तुमचा मोबाइल हातात घ्या. आधी काही लिहू नका, साधा व्हॉइस रेकॉर्डर चालू करून गोष्ट मित्राला सांगितल्यासारखी बोला. नंतर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा, नोट्स अ‍ॅप उघडा, माइकचं चिन्ह दाबा आणि तीच गोष्ट पुन्हा बोला. तुमचे शब्द डोळ्यासमोर टाइप होतील. त्यात 'खूप', 'अत्यंत', 'संघर्ष', 'प्रवास' हे शब्द शोधा. जिथे जिथे सापडतील तिथे एखादी वस्तू किंवा प्रसंग राहून गेलाय असं समजा. ही चाचणी भलतीच निर्दय आहे.

व्हिडिओ टाकला असेल तर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक किती वेळ टिकले हे दाखवणारा ग्राफ बघा. व्ह्यूज फारच कमी असतील तर तो दिसत नाही. सुरुवातीची घसरण सगळ्यांच्याच व्हिडिओला असते, तिची काळजी सोडा. मध्येच जिथे रेघ धपकन खाली येते तिथलं तुमचं वाक्य ऐका. बहुतेक वेळा तिथे तुम्ही गोष्ट सोडून उपदेश सुरू केलेला असतो.

आणि एक विनंती. चॅटजीपीटीला "माझी संघर्षकथा लिहून दे" असं सांगू नका. फाटके बूट, कंदील आणि आईचे पाणावलेले डोळे ठरलेले! तुमच्या घरी कंदील नव्हता, इन्व्हर्टर होता, तर इन्व्हर्टरच सांगा. खोटं दुःख पकडलं गेलं की त्याच्यामागचा खरा मालसुद्धा कुणी घेत नाही.

राहिला एक नाजूक मुद्दा. आपली गोष्ट कधीच फक्त आपली नसते. तिच्यात आई असते, बहीण असते, सोडून गेलेला पार्टनर असतो. माईंनी स्वतःचं आयुष्य मंचावर मांडलं, तो त्यांचा हक्क होता. तुमच्या व्हिडिओतल्या माणसाला मात्र तुम्ही विचारायलाच हवं, आणि तेही अपलोड करायच्या आधी. एकदा फॉरवर्ड झालेली क्लिप परत बोलावता येत नाही. माझ्या त्या मित्राने हळदीचा व्हिडिओ आधी आईला दाखवला. तिने पूर्ण पाहिला आणि म्हणाली, "ते कर्जाचं काऊन सांगून राह्यला रे? काढ ते." त्याने तेवढे अकरा सेकंद कापले. आता त्या जागी फक्त गिरणीचा आवाज आहे आणि पिवळी धूळ उडताना दिसते.