काळ्या पाषाणातील स्फटिक आणि अणुकचरा

धुळे व जळगाव जिल्ह्यांत विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक आढळतात. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. परंतु त्यांतील अनेक स्फटिक झिओलाइट या खनिजकुलातील असतात. तापविताच त्यांतून वाफ निघते, म्हणून स्वीडनचे शास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले.

हा दगड आतून जाळीदार असतो. त्याची छिद्रे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या या जाळीवर ऋण विद्युतभार असल्याने सोडियमसारखे धनभारित कण तिच्यात सैलपणे अडकून राहतात. दूषित पाणी त्यातून सोडले की सोडियम बाहेर पडतो आणि त्याची जागा किरणोत्सारी सीझियम घेते. जड पाणी मृदू करण्याची युक्ती हीच होय.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे १९७९ मध्ये अपघात झाला, तेव्हा तळघरातील पाणी झिओलाइटमधूनच शुद्ध करण्यात आले. इंग्लंडमधील सेलाफिल्ड येथे १९८५ पासून क्लिनोप्टिलोलाइट हे नैसर्गिक झिओलाइट वापरले जाते. खानदेशातील ह्यूलँडाइटची जाळी त्याच धाटणीची आहे.

मात्र किरणोत्सार यामुळे नष्ट होत नाही. तो केवळ मोठ्या जलसाठ्यातून मूठभर दगडात येतो. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे असल्याने तो दगड सुमारे ३०० वर्षे सांभाळावा लागतो. जपानमधील फुकुशिमा येथे २०११ च्या अपघातानंतर तळघरांत टाकलेल्या झिओलाइटच्या पिशव्या इतक्या किरणोत्सारी झाल्या, की त्या बाहेर काढणे हाच एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. शिवाय ट्रिटियम हे पाण्याचाच घटक बनून राहते. ते या जाळीत सापडत नाही.

मग खानदेशचा दगड या कामी यावा काय? पोकळ्यांतले स्फटिक मोहक, पण विखुरलेले. प्रकल्पाला एकसारख्या दाण्याचा माल टनावारी लागतो. तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या थरांतून काढतात किंवा कारखान्यात तयार करतात. खानदेशातील उत्तम नमुने त्यामुळे देशोदेशीच्या संग्राहकांकडे जातात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयातही अशी खनिजे पाहावयास मिळतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने मध्यम पातळीच्या द्रव कचऱ्यातील सीझियम वेचण्यासाठी विकसित केली, ती दगडाची नव्हे तर रेसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइडची राळ. काम मात्र तेच, अदलाबदलीचे.