परदेशाची गुणपत्रिका

माणसाचे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांची बेरीज करून त्याला कायमचे राहू द्यायचे की नाही हे ठरवणारा पहिला देश कॅनडा. तारीख १ ऑक्टोबर १९६७. त्याआधी १९५१ च्या करारानुसार साऱ्या भारताच्या वाट्याला वर्षाकाठी १५० जागा होत्या, १९५७ पासून ३००. १९६२ मध्ये नियमांतून वंशभेद काढला गेला, तरी माणूस पारखायचा कसा हे बरेचसे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. कॅनडाच्या स्थलांतर खात्याचे सचिव टॉम केंट यांच्या कारकिर्दीत मग १०० गुणांचा तक्ता तयार झाला. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाला एक गुण, जास्तीत जास्त २०. अठरा ते पस्तीस वयाला १०, पुढे दर वर्षाला एक वजा. इंग्रजी आणि फ्रेंचला मिळून १०. मुलाखत घेणाऱ्याच्या मताला मात्र १५! मर्जी संपली नाही, तिला कुंपण पडले एवढेच. ५० गुणांना माणूस पास. पुढे ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये आणि न्यूझीलंडने १९९१ मध्ये ही वाट धरली.

हा तक्ता पाचगणीत बसून वाचला तर ओळखीचा वाटतो. जॉन चेसनने वसवलेल्या आणि सिल्व्हर ओकने सजवलेल्या या गावात १८९५ साली सेंट जोसेफ कॉन्व्हेंट निघाले, १९०४ साली सेंट पीटर्स. तेव्हापासून इंग्रजी माध्यम आणि वसतिगृह हा इथला मोठा धंदा. तक्ता ज्याला गुण देतो, नेमके तेच इथल्या टेबललँड पठाराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते आहे.

पण या गावाचा जगभर गाजलेला विद्यार्थी गुणांच्या जोरावर कुठेच गेला नाही. फारुख बलसारा झांझिबारहून लहानपणी सेंट पीटर्समध्ये आला, इथेच शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. वडील झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या कचेरीत कॅशियर. जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर सारे कुटुंब इंग्लंडला गेले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. पियानो वाजवणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला केंटसाहेबांच्या तक्त्यात फार काही पडले असते असे मला वाटत नाही.

आजचा हिशेब अधिक किचकट आहे. जानेवारी २०१५ पासून कॅनडात ‘एक्स्प्रेस एंट्री’ चालते. कमाल गुण १२००, त्यांतले ६०० एखाद्या प्रांताने नाव सुचवले तर एकगठ्ठा मिळतात. नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये बंद झाले. साताऱ्याकडची एक अविवाहित मुलगी घेऊ. वय २९, एम.एस्सी., भारतात तीन वर्षांची नोकरी. ‘आयएल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणे यांत ७ बँड आले तर वयाचे ११०, शिक्षणाचे १३५, भाषेचे १२४, आणि चांगल्या भाषेबरोबर पदवी व अनुभव जुळल्याचे ५० अधिक ५०. एकूण ४६९. आता फक्त लेखनात ७ ऐवजी साडेसहा पडू द्या. भाषेचे आठ गुण गेले, इथवर ठीक. पण चारही कौशल्ये ठरलेल्या पातळीला हवीत ही अट मोडली, म्हणून जोडगुणही निम्म्यावर येतात. एकूण ४११. अर्ध्या बँडला ५८ गुण! लोक त्याच परीक्षेची भरभक्कम फी पुन्हा का भरतात, त्याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

गुण कागदाने सिद्ध करावे लागतात, आणि आपल्याकडे खरी दमछाक तिथे होते. वाईच्या किंवा साताऱ्याच्या कॉलेजातली पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल, तर ट्रान्सक्रिप्टसाठी कोल्हापूरशी पत्रव्यवहार आला, मग परदेशी संस्थेकडून पदवीचे मूल्यमापन. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईकडे तर माहेरच्या नावाची पदवी, सासरच्या नावाचा पासपोर्ट आणि मधला सांधा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, नाहीतर राजपत्रातली जाहिरात. ‘हे दोघे एकच’ असे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते ते निराळेच. त्यात भर पोलिसांच्या दाखल्याची आणि नेमून दिलेल्या डॉक्टरांच्या तपासणीची. यादीतल्या जास्त गुणवाल्यांना कॅनडाकडून अर्ज करण्याचे बोलावणे येते; ते आले की हे सगळे ६० दिवसांत सादर करायचे असते, म्हणून जाणती माणसे कागद आधीच गोळा करून ठेवतात.

बोलावणे येईपर्यंत नाव यादीत थांबते, वय थांबत नाही. एकट्या अर्जदाराला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे पूर्ण ११० मिळतात. तिसाव्या वाढदिवसाला पाच गुण जातात, पस्तिशीला ७७ उरतात, चाळिशीला ५०, आणि पंचेचाळिशी गाठली की शून्य.