फिरत्या वस्तू, लेखांक ७ : वजन पक्कं, आस सरकता

हळदीची पोती लादलेली बैलगाडी बाजाराला निघायची तेव्हा गाडीवान आधी जू उचलून अंदाज घ्यायचा. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होणार, पुढे जास्त झाला तर धुरजड होऊन बैलांच्या खांद्यावर बसणार. दोन पोती इकडची तिकडे केली की काम भागायचं. गाडीचा आस जागचा हलत नाही, हलवायचं ते वजन. या आठवड्यात याच्या नेमकी उलट अडचण पाहायची आहे. वजन आत कायमचं ओतलेलं, त्याला हात लावायची सोय नाही. सरकवायचा तो आस. टेनपिन बोलिंगच्या चेंडूला भोकं पाडणाऱ्या कारागिरापुढे ही अडचण रोजची.

मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये भाड्याने मिळणारा चेंडू आतून साधा असतो. स्पर्धेतला खेळाडू मात्र स्वतःचा, भोकं न पाडलेला चेंडू विकत घेतो आणि आपल्या हाताच्या मापाने भोकं पाडून घेतो. हा चेंडू साधारण २१.७ सेंटिमीटर व्यासाचा, जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा. त्याच्या पोटात जड गाभा असतो. काही गाभे लोट्यासारखे, आपल्या उभ्या आसाभोवती सारखे. काही मुद्दाम वाकडे, एका अंगाला जास्त भरलेले. वेगवेगळ्या आसांभोवती असा चेंडू सारख्याच सहजतेने फिरत नाही. हा फरक मोजून नियमात बसवावा लागतो; आसापासून वजन किती दूर पसरलंय याच्या मापात तो ०.०६० इंचांच्या वर चालत नाही. इतक्याशा फरकावर अख्ख्या चेंडूची चाल ठरते.

वाकड्या गाभ्याच्या चेंडूवर तीन खुणा शोधायच्या. पिन हा रंगीत ठिपका गाभ्याच्या डोक्याची जागा सांगतो. चेंडू साच्यात ओतताना गाभा ज्या खुंटीवर धरलेला असतो तिचा तो माग. पिनमधून जाणाऱ्या आसाभोवती चेंडू सर्वांत सहज फिरतो. दुसरी खूण त्या आसाची, जिथे फिरायला सर्वांत जड जातं. ती पिनपासून सुमारे पावणेसात इंचांवर, म्हणजे परिघाच्या पाव भागावर असते. तिसरी खूण गुरुत्वमध्याची. ती पिनपासून लांब दिसली की नवखे खेळाडू बिचकतात. माझ्या मते तिची धास्ती घ्यायचं कारण नाही. चेंडू घरंगळताना काय करेल हे पहिल्या दोन खुणा ठरवतात.

आता खेळाडूचा आस. हात सुटताना चेंडू ज्या आसाभोवती फिरतो तो खेळाडूच्या मनगटाचा, सवयीचा. कारागिराला तो बदलता येत नाही. तो शोधायची रीत फार सुंदर आहे. लेनवर तेल घातलेलं असतं, म्हणून फेकलेला चेंडू परत आला की त्यावर तेलाची वर्तुळं उमटलेली दिसतात. त्यांतलं भोकांच्या सर्वांत जवळचं वर्तुळ घ्यायचं. तो चेंडूचा पहिला वेढा. त्या वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूपासून सारख्या अंतरावरचा बिंदू म्हणजे आसाचं टोक. पकडीच्या मध्यापासून ते किती आडवं, किती उभं, हे लवचीक पट्टीने मोजायचं आणि तेलकट पेन्सिलीने खूण करायची. पकड आणि आसाचं टोक यांचं नातं पक्कं असल्यामुळे भोकांचा अख्खा आराखडा चेंडूवर सरकवला की आसही गाभ्यावर सरकतो. ड्रिल लावण्याआधीचा सारा विचार यासाठीच.

पिन थेट आसाच्या टोकावर ठेवली तर चेंडू शांत फिरतो, तेलाची वर्तुळं एकावर एक पडतात. पावणेसात इंचांवर ठेवली तरी जवळपास तेच. बरोबर मध्ये, ३.३७५ इंचांवर ठेवली की गाभा सर्वांत अस्वस्थ होतो. आस प्रत्येक फेऱ्यात थोडा सरकतो, वर्तुळं पंख्यासारखी उलगडतात आणि चेंडूचा कोरडा, तेल न लागलेला भाग पुन्हा पुन्हा लेनला टेकून घट्ट पकड घेतो. वाकड्या गाभ्यात याला कोनाची जोड द्यावी लागते. पिनपासून आसाच्या टोकाकडे एक रेघ आणि जड आसाच्या खुणेकडे दुसरी. त्यांतला कोन लहान असेल तर चेंडू लवकर घरंगळू लागतो, मोठा असेल तर उशिरा. अंतर, हा कोन आणि आणखी एक कोन अशी मांडणी अमेरिकन अभियंता मो पिनेल यांनी रूढ केली.

गाभा फारच वाकडा असेल तर माझा सल्ला सौम्य कोनाचा. अंगठ्याचं भोक सर्वांत मोठं. ते जड आसाच्या खुणेवर पडलं तर तिथला माल कमी होतो, पण त्या आसाभोवतीचा जडपणा जवळपास तेवढाच राहतो आणि इतर आसांभोवतीचा घटतो. म्हणजे आधीच वाकडा असलेला चेंडू आणखी वाकडा. पूर्वी असं झालं की एक जादा भोक पाडून तोल सावरत. १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकी बोलिंग संघटनेने ही पळवाट बंद केली. बोटं घालायच्या भोकांशिवाय भोक नाही. तोलातली तफावत मात्र ३ औंसांपर्यंत चालते. त्यामुळे पहिलाच आराखडा नीट असावा लागतो.

सोयीचा आस शोधायची फिरत्या वस्तूची ही ओढ चेंडूपुरती नाही. १९५८ मध्ये अमेरिकेने सोडलेला एक्स्प्लोरर-१ उपग्रह आपल्या लांब आसाभोवती फिरावा अशी योजना होती. त्याच्या लवचीक अँटेना डुलत राहिल्या, ऊर्जा खर्च झाली आणि तो गोलांट्या खात फिरू लागला. वजनाने आपल्याला सोयीचा आस शोधून घेतला.

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत काही फिरवायचं नाही, टांगायचं आहे. तरी प्रश्न हाच : वजन ठरलेलं, पकड कुठे बसवायची? ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंच्या टोकांना ४० किलोंचे काचेचे आरसे, प्रत्येकी ३४ सेंटिमीटर व्यासाचे. प्रत्येक आरसा चार बारीक काचतंतूंवर, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या, लोंबतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना काचेचे कान चिकटवलेले असतात आणि तंतू त्यांना जोडतात. तंतूंची पकड आरशाच्या गुरुत्वमध्याच्या किती वर किंवा खाली, यावर आरसा पुढे-मागे किती सहज डुलेल हे ठरतं. ही उंची मिलिमीटरच्या हिशेबात बसवावी लागते. चेंडूची भोकं बुजवून दुसरीकडे पाडता येतात; जोडलेला कान मात्र सहजासहजी सुटत नाही. म्हणून तिथे मोजमाप आधी, चिकटवणं शेवटी.